चौसष्ट पानांचं मॅन्युअल आणि न वाजलेला रिमाइंडर

८ जुलै २०२४, सोमवार. मध्यरात्री एक ते सकाळी सात एवढ्या वेळात मुंबईत काही ठिकाणी ३०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, मध्य रेल्वेच्या रुळांवर पाणी आलं आणि बॅलार्ड इस्टेटमधल्या एका क्लिअरिंग एजंटच्या (म्हणजे कस्टममधून माल सोडवून देणाऱ्याच्या) ऑफिसात त्या दिवशी कोणीच पोचलं नाही. इम्पोर्टच्या ताई डोंबिवलीला, एक्स्पोर्टचे काका बदलापूरला, मालक मुलुंडला. मंगळवारी सगळे आले तेव्हा कळलं, की न्हावा शेवाला उतरलेल्या एका कंटेनरचे फ्री डेज, म्हणजे जादा आकार न लागणारे दिवस, सोमवारीच संपले. डीओची, म्हणजे माल ताब्यात देण्याच्या डिलिव्हरी ऑर्डरची, मुदत वाढवून मागणारा एक मेल शिपिंग लाइनला सोमवारी जायला हवा होता. घरून, मोबाइलवरनंसुद्धा गेला असता. पण तो गेला नाही आणि डिटेन्शन, म्हणजे कंटेनर अडकवून ठेवल्याचा आकार, लागलं.

"तुम्ही विसरलात," असं मालक म्हणाला, तेव्हा ताई भडकल्या. "मी विसरले नाही. कॅलेंडरात टाकलं होतं, साडेदहाचा रिमाइंडर लावला होता. तो वाजला नाही त्याला मी काय करू?"

मालक माझा शाळेतला मित्र. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअरची मॅन्युअलं लिहितो, हे त्याला माहीत होतं, पण ते काम नक्की काय असतं याबद्दल त्याला फारशी आस्था नव्हती. त्या आठवड्यात त्याचा फोन आला.

"अरे, रिमाइंडर वाजलाच नाही."

"ताईंचं मशीन चालू होतं का?"

"कसं असेल? ऑफिसच बंद होतं."

"मग वाजणार कुठे?"

थोडा वेळ तो गप्प बसला. मग म्हणाला, "हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. आमच्याकडे चौसष्ट पानांचं मॅन्युअल आहे. त्यात हे नाही."

या लेखात त्या चौसष्ट पानांचं पुढे काय झालं ते आहे. प्रोग्राम होता थंडरबर्ड, मेलसाठीचा, फुकट आणि मुक्त (ओपन सोर्स). त्याची १.० आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये आली. कॅलेंडर तेव्हा त्यात नव्हतं. लाइटनिंग नावाची जोड वेगळी टाकावी लागायची. २०१५ पासून ती सोबत येऊ लागली आणि २०२० च्या ७८ व्या आवृत्तीत कॅलेंडर प्रोग्रामचाच भाग झालं. हा इतिहास सांगण्याचं कारण एवढंच, की मित्राच्या ऑफिसातल्या मॅन्युअलमध्ये 'लाइटनिंग कसे बसवावे' यावर चार पानं होती. मॅन्युअल २०१९ चं. म्हणजे ती चार पानं लिहिली त्या दिवशीच शिळी होती. ज्याने कॉम्प्युटर पुरवले त्या व्हेंडरने कुठला तरी जुना मजकूर उचलून, मराठी करून, वर आपला लोगो लावून दिला होता.

चौसष्ट पानांत काय होतं

चित्रं होती. प्रत्येक पानावर स्क्रीनचा एक फोटो, त्यावर लाल बाण आणि खाली एक वाक्य: 'वापरकर्त्याने जतन करा या कळीवर टिचकी मारून बदल जतन करावेत.' ताईंनी मला ते वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, "टिचकी कॅरमला मारतात."

जुलै २०२३ मध्ये थंडरबर्डची ११५ वी आवृत्ती आली आणि तिने सगळा चेहरामोहरा बदलला. वरची बटणांची पट्टी नवी, मेलची यादी नवी, वरचा मेनू विंडोजवर सहसा दडलेला, तो 'आल्ट' दाबल्यावर दिसायचा. ऑफिसातली मशीनं अपडेट झाली आणि एका सकाळी चौसष्ट पानांतली जवळपास सगळी चित्रं खोटी ठरली. एक्स्पोर्टच्या काकांना तर वाटलं, की कोणीतरी रात्रीत दुसराच प्रोग्राम टाकून गेलंय.

मित्राची अपेक्षा साधी होती: नवे फोटो काढ, बाण लाव, दे. मला ते दोन दिवसांचं काम होतं आणि खरं सांगायचं तर मीही तेच करणार होतो. पण रिमाइंडरची गोष्ट डोक्यातून जाईना. नवे फोटो लावलेल्या चौसष्ट पानांतही 'प्रोग्राम बंद असेल तर रिमाइंडर वाजणार नाही' हे वाक्य आलं नसतं. कारण त्या गोष्टीचा फोटो निघत नाही.

म्हणून मी आधी काही लिहिलंच नाही. ऑफिसात एक मुलगा आहे. हार्डवेअर, प्रिंटर, वायफाय, चहाचं मशीन, सगळं त्याच्या गळ्यात. काही अडलं की वीसेक टेबलांवरून त्यालाच हाक जाते. त्याच्या फोनशेजारी मी एक वही ठेवली आणि सांगितलं, की कोणी काही विचारलं तर उत्तर लिहू नकोस, प्रश्न लिही, आणि जसा विचारला त्याच शब्दांत. दोन आठवडे. पोरगं इमानदार निघालं. शिव्यासुद्धा लिहिल्या होत्या.

त्या वहीतले काही प्रश्न असे: 'मोबाइलवर मेल दिसतोय, इथे का नाही?' 'एवढे डिलीट केले तरी मेलबॉक्स फुल का सांगतोय?' 'पासवर्ड बरोबर आहे, तरी परत परत मागतोय.' 'पार्टीने मीटिंग पाठवलीय, ती कॅलेंडरात पडलीच नाही.' 'इन्व्हॉइस पाठवलंय म्हणतात आणि इथे विनमेल डॉट डॅट आलंय, ते उघडत नाही.' आणि एक, जो आठ-दहा वेळा वेगवेगळ्या तोंडून आला होता: 'सर्व्हरने जुने मेल खाल्ले का?'

'अमुक बटण कुठे आहे' असा प्रश्न पूर्ण वहीत दोनदा होता. बटण लोक शोधतात. न सापडलं तर शेजारच्या टेबलाला विचारतात. वहीतले बाकी सगळे प्रश्न स्क्रीनवर न दिसणाऱ्या गोष्टींचे होते: मेल नक्की कुठे असतो, कॅलेंडर कुठे असतं, डिलीट केल्यावर काय होतं, समोरच्या पार्टीचा प्रोग्राम काय पाठवतो. जुनं मॅन्युअल जे दिसतं तेच दाखवत होतं. मी ठरवलं, की आपण उलट करायचं.

मेल खाणारा सर्व्हर

नव्या मॅन्युअलचं पहिलं पान 'मेल कुठे असतो?' असं ठरलं. त्यावर तीन चौकोन: मेल सांभाळणाऱ्या कंपनीचा सर्व्हर, ऑफिसातलं मशीन, खिशातला मोबाइल. मधे बाण. मशीन सर्व्हरला जोडण्याच्या पद्धती दोन, आयमॅप आणि पीओपी. आयमॅपने जोडलं असेल तर खरा माल सर्व्हरवर आणि बाकी दोघं त्याच्या खिडक्या. एका खिडकीतून काढलं की दुसरीतूनही गेलं. पीओपीने जोडलं असेल तर मशीन माल उचलून स्वतःच्या गोडाऊनात नेतं आणि सर्व्हरवरची प्रत ठेवायची की नाही ते सेटिंगवर ठरतं. क्लिअरिंगच्या ऑफिसात गोडाऊनची उपमा समजावून सांगावी लागत नाही.

हे पान लिहिताना मी एक वाक्य टाकलं: 'आपल्या ऑफिसात सगळी मशीनं आयमॅपवर आहेत.' ते खरं आहे का हे बघायला मी सगळ्या टेबलांवर फिरलो आणि प्रत्येक खात्याच्या सर्व्हर सेटिंग्जमध्ये जाऊन नोंद केली. अकाउंट्सच्या अण्णांचं मशीन शेवटी आलं. अण्णा ऑफिसात सगळ्यात जुने, त्यांचं खातंही सगळ्यात जुनं. त्यांच्याकडे इम्पोर्टचा सामायिक पत्ता पीओपीने जोडलेला होता. खाली खूण केलेली: मेल सर्व्हरवर ठेवा, जास्तीत जास्त १४ दिवस.

म्हणजे रोज सकाळी अण्णांचं मशीन सामायिक इनबॉक्समधले मेल स्वतःकडे घ्यायचं आणि चौदा दिवस झाले की सर्व्हरवरची प्रत काढून टाकायचं. ताई, काका, बाकी सगळे आयमॅपवर. त्यांना सर्व्हर दाखवेल तेच दिसणार. त्यांच्या नजरेसमोरून दोन आठवड्यांपूर्वीचे मेल गायब होत होते. त्यात एक गंमत अशी, की पीओपीला इनबॉक्स सोडून दुसरं काही दिसत नाही. त्यामुळे ताईंनी जे मेल पार्टीच्या नावाच्या फोल्डरात हलवले ते टिकायचे. यावरून ऑफिसात समजूत पक्की झाली होती, की सर्व्हर जुने मेल खातो, पण फोल्डर केलेल्या पार्टीला हात लावत नाही. निरीक्षण शंभर टक्के बरोबर होतं, फक्त कारण चुकलं होतं. कितीतरी लोकश्रद्धा अशाच तयार झाल्या असतील.

या समजुतीपायी ताई प्रत्येक महत्त्वाच्या मेलचा प्रिंट काढायच्या. इम्पोर्टच्या कपाटात त्या प्रिंटच्या बॉक्स फायलींची रांग लागली होती.

अण्णांना सांगितलं तेव्हा ते ओशाळले नाहीत, उलट खूश झाले. "म्हणजे सगळे मेल माझ्याकडे आहेत?" होते. सगळे, पाच-सहा वर्षांचे. पण पीओपी बंद करून आयमॅप लावताना घाई केली असती, तर तेच जाण्याचा धोका होता. जुन्या मेलची एकमेव प्रत त्या एका मशीनवर होती. म्हणून आधी अण्णांच्या पूर्ण प्रोफाइल फोल्डरची (थंडरबर्ड मेल आणि सेटिंग्ज जिथे ठेवतो त्याची) कॉपी बाहेरच्या डिस्कवर घेतली. मग जुनं खातं तसंच ठेवून शेजारी आयमॅप खातं उभं केलं. मग वर्षावार फोल्डर करून जुने मेल हळूहळू सर्व्हरवर ओढले, जागा पुरते का ते बघत. वर पोचलेले मेल ताईंच्या मशीनवर उघडून तपासले आणि त्यानंतरच पीओपी खातं काढलं. यात एक आठवडा गेला. मॅन्युअल लिहायला बसलो नसतो तर हे कधी सापडलं असतं, कोण जाणे. व्हेंडरच्या चौसष्ट पानांत पीओपी आणि आयमॅप या दोन्हींचं वर्णन होतं, शेजारीशेजारी, 'आपल्या गरजेनुसार निवडावे' अशा सल्ल्यासकट. कुणाची गरज, कशी ओळखायची, याबद्दल अवाक्षर नाही.

बाकीचे प्रश्न

'डिलीट केलं तरी फुल' या प्रश्नाला दोन वेगळी उत्तरं होती आणि लोक ती एकच समजत होते. सर्व्हरवरची जागा भरली असेल तर डिलीट केलेला मेल ट्रॅशमध्ये जातो आणि ट्रॅशही सर्व्हरवरच असतो, तो रिकामा करायला हवा. मशीनची डिस्क भरत असेल तर गोष्ट निराळी. थंडरबर्ड सहसा एका फोल्डरचे सगळे मेल एकाच लांबलचक फाइलमध्ये एकाखाली एक ठेवतो. डिलीट केलं की त्या नोंदीवर काट मारली जाते, पान फाटत नाही. 'कॉम्पॅक्ट' म्हटलं की काट मारलेल्या ओळी गाळून फाइल नव्याने लिहिली जाते. अण्णांना मी म्हटलं, रोजमेळाची वही फेअर करण्यासारखं. ते वाक्य मॅन्युअलमध्ये तसंच गेलं.

विनमेल डॉट डॅटचं उत्तर छोटं होतं. समोरचा आउटलुकमधून 'रिच टेक्स्ट' प्रकारात मेल पाठवतो, तेव्हा अटॅचमेंट त्या एका पुडीत बांधल्या जातात. आपल्याकडे करण्यासारखं फार नाही, समोरच्याला 'एचटीएमएल किंवा प्लेन टेक्स्टमध्ये पाठवा' असं कळवायचं. तसं कळवणारा तीन ओळींचा इंग्रजी मेल मॅन्युअलमध्येच लिहून ठेवला, कॉपी करून पाठवण्यासाठी. पूर्ण मॅन्युअलमध्ये सर्वात जास्त वापरली गेलेली गोष्ट हीच.

अटॅचमेंटच्या आकाराचा घोळही असाच न दिसणारा. मर्यादा २५ एमबी आणि फाइल २० ची, तरी मेल परत येतो. कारण मेलमधून फाइल जाताना तिचं अक्षरांत रूपांतर होतं, दर तीन बाइटचे चार होतात. २० चे जवळपास २७ होतात. ज्यांना हे कळलं त्यांनी पॅकिंग लिस्ट तीनशे डीपीआयला स्कॅन करणं सोडलं. ज्यांना नाही कळलं ते अजून इंटरनेटला शिव्या घालतात.

पासवर्डचा प्रश्न मुख्यतः ज्यांनी स्वतःचं जीमेल ऑफिसच्या थंडरबर्डमध्ये घातलं होतं त्यांचा. गूगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांसाठी नुसत्या नाव-पासवर्डने आत येणं बंद केलं. सेटिंगमध्ये 'नॉर्मल पासवर्ड'च्या जागी 'ओऑथ२' निवडलं की ब्राउझरसारखी खिडकी उघडते, तिथे एकदा लॉगिन केलं की झालं. बरोबर पासवर्ड दहादा टाकून काही होत नाही, हे वाक्य मी ठळक केलं, कारण माणूस बरोबर असतो तेव्हाच सर्वात जास्त हट्टी असतो.

आणि कॅलेंडर. ताईंचं कॅलेंडर 'ऑन माय कॉम्प्युटर' प्रकारचं होतं. म्हणजे त्यांच्या मशीनच्या डिस्कवरच्या एका फाइलमध्ये, जगात इतरत्र कुठेही नाही. ते आता सर्व्हरवरच्या कॅलेंडरला जोडलं. त्यासाठी कॅलडॅव्ह नावाची पद्धत आहे, २००७ पासूनची. त्यामुळे तीच नोंद मोबाइलवर दिसते आणि ऑफिस बंद असलं तरी मोबाइल वाजतो. मीटिंगचं आमंत्रण न पडण्याचं कारण याहून बारीक होतं. कॅलेंडरच्या प्रॉपर्टीजमध्ये ते कोणत्या मेल पत्त्याचं आहे हे ठरवावं लागतं. तिथे 'नन' असेल तर आमंत्रण नीट स्वीकारता येत नाही. सतरा मशीनांवर तिथे 'नन' होतं.

भाषा

मराठीत लिहायचं हे ठरलेलं होतं, पण कोणत्या मराठीत, यावर मित्राशी वाद झाला. त्याला वाटत होतं, की छापील वस्तूत 'विपत्र', 'जोडपत्र', 'दिनदर्शिका' हवं, नाहीतर घरगुती वाटतं. मी म्हटलं, तुझ्या ऑफिसात आजवर कोणी कोणाला 'जोडपत्र पाठवा' म्हणालंय का? तो हसला, पण 'दिनदर्शिका' सोडायला तयार नव्हता. शेवटी काकांनी निकाल लावला: "दिनदर्शिका भिंतीवर असते. मशीनमधलं ते कॅलेंडर."

बटणांची नावं मात्र आम्ही मॅन्युअलमध्ये इंग्रजी अक्षरांतच ठेवली. स्क्रीनवर मेनू इंग्रजीत आहेत आणि डोळा अक्षर वाचण्याआधी आकार जुळवतो. देवनागरीत लिहिलेलं 'सर्व्हर सेटिंग्ज' वाचून ते इंग्रजीत शोधणं ही एक जास्तीची पायरी होते. बाकी सगळं बोलीतलं मराठी, 'करावे' नाही, 'करा'.

वाक्याच्या बांधणीचा धडा चाचणीत मिळाला. मी एक नवा डॉक क्लार्क, वय वीस-बावीस, आणि अण्णा, अशा दोघांना आळीपाळीने मॅन्युअल देऊन बसवलं आणि स्वतः मागे हात बांधून उभा राहिलो. बोलायचं नाही, माउसला हात लावायचा नाही. या धंद्यातलं सर्वात अवघड काम हे आहे. पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं: 'जुनं खातं काढून टाका. पण त्याआधी प्रोफाइलची कॉपी घेतल्याची खात्री करा.' पोराने पहिलं वाक्य वाचलं आणि काढून टाकायला निघाला. दुसरं वाक्य त्याच्या दृष्टीने अजून अस्तित्वातच नव्हतं. नशिबाने ते चाचणीचं खातं होतं. लोक वाचून मग करत नाहीत, वाचता वाचता करतात. खरं तर मराठीत क्रियापद शेवटी येतं, अट आधी आणि कृती नंतर हा तिचा स्वाभाविक क्रम आहे: 'कॉपी घेतली असेल तरच जुनं खातं काढा.' मी इंग्रजी मॅन्युअलं लिहून लिहून आपल्याच भाषेची ही सोय विसरलो होतो.

अण्णांनी दुसरा दणका दिला. सगळं वाचून झाल्यावर म्हणाले, "चांगलंय. पण चित्रं कुठेत?" मी माझं तत्त्व सांगितलं, जे दिसतं ते लिहायचं नाही वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "तुला दिसतं रे. मला ते वरचं तीन रेघांचं बटण दाखवल्याशिवाय दिसत नाही." मग चार चित्रं घातली: तीन रेघांचा मेनू, डावीकडची उभी पट्टी, फोल्डरवर राइट-क्लिक केल्यावरची यादी आणि कॅलेंडरच्या प्रॉपर्टीज. तत्त्वाला चार ठिकाणी छिद्र पडलं आणि मॅन्युअल सुधारलं.

दिवाळीच्या आधी अकरा पानं तयार झाली. मथळे वहीतल्या प्रश्नांचेच, जवळपास त्याच शब्दांत, शिव्या वगळून. शिवाय मॉनिटरशेजारी चिकटवायला एक पान.

१ एप्रिलचा मंगळवार

माझी चूक आता सांगतो. वहीत वेळेबद्दल एकही प्रश्न नव्हता, म्हणून टाइमझोनवर मी काही लिहिलं नाही. भारतात एकच वेळ, घड्याळ मागेपुढे करण्याची भानगड नाही, इथे कुणाला काय फरक पडतो? फक्त एवढं लिहिलं, की यादीत मुंबई शोधू नका, सापडणार नाही, 'आशिया/कोलकाता' निवडा. मुंबईच्या माणसाला हे जरा टोचतं. एके काळी या शहराचं स्वतःचं घड्याळ होतं. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली तरी पुढे कित्येक दशकं इथे बॉम्बे टाइम चालत राहिला, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. आता यादीत नावसुद्धा नाही.

एक्स्पोर्टच्या काकांचा हॅम्बुर्गच्या एका पार्टीशी दर मंगळवारी कॉल असतो, तिकडच्या दुपारी एकला, आपल्या साडेपाचला. काका साडेचारला एक कटिंग मारून बी.एल.चे (जहाजावर चढवलेल्या मालाच्या पावतीचे) ड्राफ्ट तपासतात आणि साडेपाचला फोनवर बसतात. १ एप्रिल २०२५ ला साडेचार वाजता, काका खाली टपरीवर असताना, हॅम्बुर्गहून कॉल आला. परत आला. मग जरा कोरडा मेल आला. काकांना वाटलं, एप्रिल फूल.

रविवारी, ३० मार्चला, युरोपातली घड्याळं एक तास पुढे गेली होती. तिथला एक आता आपल्या साडेचारला पडत होता. काकांच्या कॅलेंडरात मात्र 'दर मंगळवारी ५.३०' अशी हाताने टाकलेली नोंद होती. आमंत्रण पडत नव्हतं त्या काळात त्यांनी स्वतः टाइप केलेली. हॅम्बुर्गने पाठवलेलं मूळ आमंत्रण मेलमध्येच पडून होतं. त्या आमंत्रणाच्या पोटात 'युरोप/बर्लिन' असं लिहिलेलं असतं, त्यामुळे ते स्वीकारलं असतं तर नोंद आपोआप साडेचारला सरकली असती. हाताने टाकलेली नोंद मुंबईच्या घड्याळाला बांधलेली, ती जागची हलणार नाही. माझ्या मॅन्युअलने काकांना नवी आमंत्रणं स्वीकारायला शिकवलं होतं. जुन्या हातच्या नोंदी काढून टाका, हे कुठेच नव्हतं.

मला अधिक लागलं ते हे, की ज्या कसोटीवर मी व्हेंडरचं मॅन्युअल नापास केलं त्याच कसोटीवर माझंही नापास झालं. आमंत्रणातला टाइमझोन स्क्रीनवर दिसत नाही, नोंदीच्या खिडकीतही मुद्दाम ऑप्शन्समध्ये जाऊन तो दाखवायला सांगावा लागतो. आणि वहीत प्रश्न नव्हता, कारण दोन आठवडे वही ठेवली ती ऑगस्टमध्ये. हा प्रश्न वर्षातून दोनदाच उगवतो, मार्चअखेर आणि ऑक्टोबरअखेर. अमेरिकेची पार्टी असेल तर तिथली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतात, म्हणजे मधले काही आठवडे युरोप आणि अमेरिका यांच्यातलाही फरक वेगळा.

अर्धं पान वाढवलं. मथळा काकांच्याच शब्दांत: 'कॉल एक तास आधी का आला?' त्याखाली, परदेशी पार्टीची मीटिंग हाताने टाकू नका, त्यांना आमंत्रण पाठवायला सांगा, ते स्वीकारा आणि जुनी हातची नोंद असेल तर काढा. काकांची नोंद मी त्यांच्यासमोर काढली, हॅम्बुर्गचं आमंत्रण शोधून स्वीकारलं आणि ऑक्टोबरपर्यंत पुढे जाऊन दाखवलं, की बघा, २६ ऑक्टोबरनंतर हे आपोआप परत साडेपाचला येतं. "तुम्हाला काही करायचं नाही," मी म्हणालो. काकांनी मान डोलावली.

नोव्हेंबरमध्ये वेगळ्याच कामासाठी ऑफिसात गेलो होतो. ताई अजून मेलचे प्रिंट काढतात, फायलींची रांग एकाने वाढली होती. काकांच्या मॉनिटरशेजारचं पान कडेने पिवळं पडलं होतं. त्यावर निळ्या पेनने, माझ्या छापील ओळीच्या खाली लिहिलेलं होतं: '२६ ऑक्टो. – परत साडेपाच. चहा आधी.' आणि त्याखाली वेगळ्या अक्षरात, बहुधा शेजारच्या टेबलाने, '२९ मार्च – परत साडेचार'. मोबाइल काढून मी २०२६ चं कॅलेंडर बघितलं. मार्चचा शेवटचा रविवार २९ लाच होता.